मन थाऱ्यावर येईपर्यंत

पारनेर,
ता. ९ ऑक्टोबर १९४५

गोरक्षनाथ मास्तर यांस मुक्ताबाईचा आशीर्वाद.

भीमा खुशाल आहे. घोडेगावाला मोटारीत बसल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. वाटेत चढाला ती कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार थांबली. सगळे उतारू उतरून ढकलू लागले, तशी तीही उतरली आणि ढकलू लागली. क्लीनर म्हणाला, "ही पोर हाय म्हनून गाडी चढली, न्हाईतर इथंच मुक्काम हुता." तेव्हा थोडी हसली.

मास्तर, एक गोष्ट स्पष्ट लिहिते. राही गेली, तिचे तेरावे झाले आणि त्याच आठवड्यात तुम्ही भीमाला सोनईच्या बाजारात विसरून घरी आलात. शेजारच्या बनुबाईने "पोर कुठाय?" म्हणून विचारले तेव्हा तुमच्या ध्यानात आले. मी तुम्हाला बोल लावत नाही. तुमची बायको गेली, तशी माझी धाकटी बहीण गेली. पण सात वर्षांची पोर बाजारात विसरणाऱ्या माणसाजवळ मी तिला ठेवणार नाही. तुमचे मन थाऱ्यावर आले की तुम्ही तिला घरी न्यायचे, असे आपले ठरले आहे. भीमालाही मी तेच सांगितले आहे.

नुसते म्हटल्याने मन थाऱ्यावर येत नाही. तुमचे तर मुळात नव्हतेच. जेवताना गणिते, गणिते करताना दुसऱ्याचे अर्ज, अर्ज लिहिताना शेजारच्या बैलाची चिंता. राही म्हणायची, "आमचे मास्तर घरी असतात तेव्हाच जास्त बाहेर असतात." म्हणून मला जे शिकवले गेले ते तुम्हाला सांगते. मी चौदाव्या वर्षी विधवा झाले, मग शिक्षिका व्हायला पुण्याला गेले. तिथे वसतिगृहाच्या बाई आम्हाला रोज पहाटे बसवत. त्यात मंत्र नाही, माळ नाही.

खोलीचे दार लावून घ्यावे. घोंगडीवर ताठ बसावे. डोळे मिटून श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढेच बघावे. मन पळेल. रागावू नका. वर्गातले पोर खिडकीबाहेर बघते तेव्हा नाव घेऊन बोलावतो, तसे बोलवा. पुन्हा पळेल. पुन्हा बोलवा. रोज बसा आणि काय होते ते मला कळवा.

मुक्ताबाई


शिंगणापूर,
ता. २१ ऑक्टोबर १९४५

तीर्थस्वरूप अक्कांना गोरक्षनाथचा नमस्कार.

पत्र मिळाले. दार लावून बसा असे लिहिले आहे. आमच्या गावात घरांना दारे नाहीत, हे आपण विसरलात. शनिदेवाच्या गावात दार लावायचे नाही अशी रीत आहे. शाळेलाही नाही.

मी तसाच बसतो. घराचे तोंड रस्त्याकडे असल्यामुळे येणारे-जाणारे बघतात. पहिल्या दिवशी शेजारचा सहादेव आत आला आणि समोर उकिडवा बसला.

"मास्तर, पोट दुखतंय का काय?"

"नाही. बसलो आहे."

"बसतो तर आमी बी. डोळं कशापायी मिटायचं?"

"मन स्थिर करायला."

"मंग करा. मी हाय हितंच. कुत्रं आलं तर हाकलतो."

तो तिथे बसून राहिला आणि तंबाखू मळल्याचा आवाज येत होता. नंतर बनुबाई भाकरी ठेवून गेली. जाताना सहादेवाला म्हणाली, "तू बी मिट डोळं, तेवढाच तुझा तोंडाचा पट्टा बंद ऱ्हाईल."

मन फार पळते. श्वास बघायला लागलो की खडूची पेटी संपत आली हे आठवते. मग इन्स्पेक्टर कधी येणार, चौथीच्या मुलांना व्याज समजले का, रॉकेलच्या रेशनची रांग, कोणाचा अर्ज राहिला, शाळेच्या लिंबाची फांदी कौलांवर टेकली आहे. आपण लिहिल्याप्रमाणे नाव घेऊन बोलावतो. ते येते आणि लगेच जाते.

राहीचा विचार मात्र येत नाही. बाकी सगळे येते. हे कळवावे असे वाटले.

भीमाला आशीर्वाद. तिला तिथे करमते का?

आपला,
गोरक्षनाथ


पारनेर,
ता. १२ नोव्हेंबर १९४५

मास्तरांना आशीर्वाद.

दार नाही हे मी खरोखर विसरले. लहानपणापासून कडी लावून झोपायची सवय. चौकटीला घोंगडी टांगा आणि भिंतीकडे तोंड करून बसा. सहादेवाला सांगा की मन स्थिर करायला राखणदार लागत नाही.

पळणारे मन ही वाईट गोष्ट नाही. बाई आम्हाला म्हणायच्या, पळते आहे हे कळले ना, मग तेवढा वेळ तुम्ही घरात होता. मला हे समजायला दोन वर्षे लागली. तुम्ही हुशार आहात, तुम्हाला थोडा वेळ अधिक लागेल.

दिवाळी झाली. भीमाने उंबऱ्यावर पणत्या लावल्या. तुम्ही याल म्हणून दोन दिवस मोटारीच्या अड्ड्यापर्यंत जाऊन आली. मी सांगितले, बाबांचे मन अजून थाऱ्यावर नाही. तिने विचारले, "थारा कुठं असतो?" मी म्हटले, असतो प्रत्येकाचा कुठेतरी.

रात्री ती माझ्या अंथरुणात येते. पाय फार मारते. माझ्या शाळेत येऊन मागच्या बाकावर बसते, पाढे मुलींच्या आधी म्हणते. मुली तिला "बाईंची भीमा" म्हणू लागल्या आहेत.

ती रमून गेली आहे. काळजी नको.

मुक्ताबाई


शिंगणापूर,
ता. १६ डिसेंबर १९४५

तीर्थस्वरूप अक्कांना नमस्कार.

बरेच दिवस पत्र लिहिले नाही. लिहिण्यासारखे काही नव्हते.

घोंगडी टांगली होती. सहादेव म्हणाला, "कुत्र्यापायी रातचं ठीक हाय. दिवसा कशाला? मास्तरानं घरात काय दडवलंय, असं इचारत्यात मान्सं." मी काढून टाकली. भिंतीकडे तोंड करून बसलो तर लोक पाठीशी येऊन उभे राहतात आणि ते जास्त कळते. म्हणून पुन्हा तोंड रस्त्याकडे केले.

आता मन पळत नाही. हे एकदम झाले. एके सकाळी बसलो आणि श्वास आत जातो, बाहेर येतो, एवढेच होते. खडू नाही, इन्स्पेक्टर नाही. कोणी हाक मारली तर ऐकू येते, पण ती दुसऱ्या कोणाला मारली आहे असे वाटते. पाय दुखत नाहीत. उठावे असे वाटत नाही. शाळेची वेळ झाली की बनुबाई येऊन सांगते. संध्याकाळी परत येऊन बसतो.

वर्गातही आता शांतता असते. मी ओरडत नाही, छडी घेत नाही, तरी मुले बोलत नाहीत. पूर्वी छडी घेऊनही हे जमत नसे.

आपण ज्याला थारा म्हणता तो हाच असावा. आपण सांगाल ते खरे.

गोरक्षनाथ


पारनेर,
ता. २४ डिसेंबर १९४५

मास्तरांना अनेक आशीर्वाद.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. इतकी वर्षे बसते आहे, पण असे मला चार वेळाही साधले नसेल. माझे मन अजून शाळेच्या घंटेच्या आधी धावते. राहीला हे कळले असते तर तिचा विश्वास बसला नसता. मला थोडा हेवाही वाटला, खोटे कशाला सांगू?

आता असे आहे. इतके साधले आहे तर ते मोडू नये. नवीन झाड लावले की वर्षभर हलवत नाहीत. भीमाला न्यायची घाई करू नका. ती येथे रुळली आहे. नवीन वर्षापासून तिचे नाव इथल्या शाळेच्या पटावर घालावे असे मनात आहे. पालक म्हणून माझे नाव लावावे लागेल. तुमची हरकत असेल तर लिहा. तिला नवे परकर-पोलके शिवले आहे. कापडाचे कंट्रोल असूनही बरे कापड मिळाले.

तिला मी सांगितले की बाबांची प्रगती चांगली आहे.

मुक्ताबाई


शिंगणापूर,
ता. १३ जानेवारी १९४६

तीर्थस्वरूप अक्कांना नमस्कार.

भीमाचे नाव पटावर घालण्यास हरकत नाही. पालक म्हणून आपले नाव लावावे.

इथे एक नवीन प्रकार झाला आहे. शनिवारी देवाला बाहेरगावचे लोक येतात. रस्त्यावरून जाताना त्यांना मी बसलेला दिसतो. दाढी वाढली आहे. न्हाव्याकडे जाणे राहून जाते. कोणीतरी सहादेवाला विचारले, हे महाराज कोण. तो म्हणाला, "आमचं मास्तर हायेत. बाईल गेल्यापास्नं असंच बसून असत्यात, हूं न्हाई का चूं न्हाई." त्या माणसाने समोर नारळ ठेवला. पुढच्या शनिवारी तो आणखी माणसे घेऊन आला.

आता दर शनिवारी रांग लागते. कोणी मूल होत नाही म्हणून विचारते, कोणी म्हैस आटली म्हणून. मी काही बोलत नाही. न बोलणे हेच उत्तर समजून ते जातात. देवाच्या चौथऱ्यावर बायकांना जाता येत नाही, म्हणून एका बाईने तिचे तेल माझ्याच डोक्यावर ओतले. मी पुसले नाही. बनुबाईने पुसले. ती म्हणाली, "मास्तर, उद्या हे लोक तुमास्नी शेंदूर फासतील, तवा तरी हूं म्हनाल का?" सहादेव नारळ फोडून गावात वाटतो. त्याला ते काम आवडते.

उठून हे थांबवावे असे मनात येत नाही. उठून करायचे काही नाही.

परवा एक म्हातारी आली. तिचे लुगडे फाटलेले होते. वलणीवर राहीचे हिरवे लुगडे होते, ते मी तिला दिले. बनुबाई रागावली, "एखादं पोरीला ठिवायचं हुतं." मला ते सुचले नाही. लुगडे देताना काही वाटले नाही. नंतरही वाटले नाही. हे चांगले की वाईट, ते कळवावे.

गोरक्षनाथ


पारनेर,
ता. २० जानेवारी १९४६

गोरक्षनाथ,

आज आशीर्वाद वगैरे राहू दे.

हे ध्यान नव्हे. मी तुम्हाला चुकीची शाबासकी दिली. मन शांत झाले की माणसाला जास्त ऐकू येते, कमी नाही. भाकरी करपल्याचा वास येतो, शेजारचे पोर खोकले तर कळते. तुम्हाला डोक्यावर ओतलेले तेल कळत नाही. बर्फात हात ठेवला की थोड्या वेळाने दुखायचे थांबते, म्हणून हात बरा झाला असे नसते.

मला हे ओळखता यायला हवे होते. नवरा गेल्यावर मी वर्षभर सासरच्या माजघरात अशीच बसून असे. घरचे म्हणायचे, पोर किती समजूतदार, डोळ्यांतून टिपूस नाही. एक दिवस चुलीवर हात भाजला आणि मला कळलेच नाही, तेव्हा माझ्या वडिलांनी मला तिथून उचलून आणले.

'हरकत नाही' हे दोन शब्द वाचून मला आधी आनंद झाला. पोर माझीच झाली असे वाटले. मग पुढचे वाचले. आपल्या मुलीचे पालकत्व कोणी एका ओळीत सोडून देते का? नाव मी अजून घातलेले नाही.

पुढच्या शनिवारनंतरच्या शनिवारी मी भीमाला घेऊन येते. त्या दिवशी रजा काढली आहे. तोपर्यंत बसू नका. शाळेच्या कौलांवरची फांदी तोडा, विहिरीचे पाणी शेंदा, सहादेवाशी भांडा, काहीही करा.

मुक्ता


शिंगणापूर,
ता. १० फेब्रुवारी १९४६

तीर्थस्वरूप अक्कांना नमस्कार.

आपण त्या दिवशी आलात आणि दुसऱ्या दिवशी भीमाला घेऊन परत गेलात. त्या वेळी मला बोलता आले नाही. आपण येण्याआधी घरात काय झाले ते आपल्याला माहीत नाही, म्हणून लिहितो.

आपले पत्र वाचले होते, तरी मी बसणे थांबवले नाही. थांबवून काय करायचे ते कळले नाही. त्या शनिवारी अमावास्या आली होती. आपल्याला ते लक्षात नव्हते. अशा दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. आपली बैलगाडी वेशीबाहेर अडली आणि भीमा पुढे पळत आली, असे आपण नंतर म्हणालात. घर तिला माहीत होते.

घरापुढे रांग होती. सहादेव उंबऱ्यावर उभा राहून माणसे सोडत होता. गडबडीत त्याने तिला ओळखले नाही. नवे परकर-पोलके होते. भीमा आत घुसली नाही. ती रांगेत उभी राहिली. हे मला सहादेवाने नंतर सांगितले, आणि सांगताना तो रडत होता.

माझ्यापुढे माणसे येत होती. मी कोणाकडे बघत नव्हतो. एक लहान मूल पुढे आले. आधीच्या बाईने केले तसेच त्याने केले. खाली वाकून कपाळ माझ्या पायांना लावले. मग हात जोडून म्हणाले,

"महाराज, आमच्या बाबांचं मन थाऱ्यावर येऊ द्या. म्हंजी ते मला घरी नेतील."

आवाज मी ओळखला. तरी लगेच काही झाले नाही. मी तिच्याकडे बघत होतो. मागचा माणूस म्हणाला, "झालं ना बाळ, सर आता." ती सरकली. तेव्हा तिच्या डाव्या कोपरावर फोड दिसला. पिकला होता. त्यावर काही लावलेले नव्हते. याला कडुलिंबाचा पाला वाटून लावायला हवा, असे माझ्या मनात आले.

मी उठायला गेलो. पायांना मुंग्या आल्या होत्या, त्यामुळे नारळांवर पडलो. लोक ओरडले, "महाराज उठले, महाराज उठले." कोणी पाया पडायला पुढे आले. बनुबाई त्यांच्या अंगावर धावली. "म्हाराज न्हाई, मास्तर हाय! पोरीचा बाप हाय! हटा!" मी रांगत भीमापर्यंत गेलो आणि तिचा हात धरला. तिने हात काढून घेतला नाही. घट्ट धरलाही नाही. एवढ्यात आपण आलात.

तिने मला ओळखून तसे म्हटले, की न ओळखता, हे मी तिला विचारले नाही. विचारणार नाही.

दाढी आपण असतानाच काढली. दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना ती माझ्याकडे बघत होती आणि मी नुसता उभा होतो. राहा म्हणालो नाही. अट पुरी झालेली नव्हती.

त्यानंतर मी बसून पाहिले. जमत नाही. श्वास बघायला लागलो की फोड बसला का, पाला कोणी लावला का, शाळेत तिला कोणी चिडवते का, हे सुरू होते. ती झोपेत पाय मारते असे आपण लिहिले होते, पांघरूण पडत असेल. परवा कोपराचे मनात होते आणि एकदम राही दिसली. पीठ मळताना ती बांगड्या कोपराकडे सारायची, तशी. मग तापातली दिसली. मग सगळे यायला लागले. तेव्हापासून थांबत नाही. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभे राहावे लागते. मुलांनी पुन्हा गोंगाट सुरू केला आहे.

शनिवारी लोक येतात. सहादेव त्यांना सांगतो, "म्हाराज गेले. आता हितं मास्तर ऱ्हातो, त्याला काय बी येत न्हाई."

अक्का, मन थाऱ्यावर आलेले नाही. पूर्वीपेक्षा वाईट आहे. मी तिला पुन्हा कुठे विसरणार नाही, असे वचन देण्याची मला भीती वाटते. तरी भीमाला पाठवा. नाही म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे. तिच्यासाठी आपण जे केले ते मी केलेले नाही, हे मला कळते. तरी पाठवा.

गोरक्षनाथ


पारनेर,
ता. १७ फेब्रुवारी १९४६

चि. गोरक्षनाथ यांस आशीर्वाद.

येत्या रविवारी तुम्ही स्वतः या. पाठवायला ती काही पार्सल नाही. बापाने येऊन न्यावे.

फोड फुटला, आता खपली आहे. ती काढू देऊ नका. वांगे खात नाही, मेथी खाते. पहाटे उठून पाणी मागते, तांब्या जवळ ठेवावा. वेणी घालताना ओढले तर ओरडत नाही, नुसती डोळे घट्ट मिटते. तेव्हा हात हलका करायचा. झोपेत बोलते, पण जागे करू नका. पाढे एकोणतीसपर्यंत येतात. माझ्या शाळेतल्या मुलींना तिने सांगून टाकले आहे की ती जाणार. मी अजून सांगितले नव्हते.

तुम्ही येऊन तिला घेऊन जाताना मी काही बोलेन किंवा बोलणार नाही. त्याकडे लक्ष देऊ नका. सुट्टीत तिला इकडे पाठवत जा. ही अट नाही, विनंती आहे.

आज सकाळी नेहमीसारखी बसले. थोड्या वेळाने उठून तिचा परकर वाळला का ते पाहून आले. वाळला होता. घडी घालून पुन्हा येऊन बसले. मग त्याचा नेफा उसवला आहे हे आठवले, तो शिवायला घेतला. आज पुढे बसणे झाले नाही.

मुक्ताबाई